तांबडीच्या पिलाचा कान

...मंग, मी कुठं व्हती? हां, जानरावच्या हातापाशी. लिही व वैभवी, तो फोन ठेव बाजूले. गावाले इतकंच माहीत का जानरावले कुत्री चावली अन् त्यानं भरपाईचा दावा लावला. चावली ते खरं, दावाबी खरा. पन कुत्री चावली काहून, हे कोनी इचारलंच नाही ना माय. इचारलं असतं त बिचारा पयल्याच दिवशी सुटला असता.

जानराव म्हंजे आपल्या घरामांगचा, रुख्मिणीचा नवरा. वावर थोडंसंच, पन हात लय गुनाचा. बाज इनाव त जानरावनंच. अशी घट्ट इने का वरतं लेकरू नाचलं तरी झोय पडे नाही. आपल्या घरची बाज त्याची, सरपंचाच्या ओट्यावरची त्याची, बौद्धवाड्यात गंगूच्या घरची त्याचीच. बोलाले मात्र भलता लाजरा. लग्नाच्या पंगतीत बुंदी पायजे असली तरी वाढनाऱ्याले आवाज द्याचा नाही, नुसता त्याच्या तोंडाकडं पाहात राहाचा.

औंदा सोयाबीन निंघालं अन् रानडुकरायनं तुरीत धिंगाना मांडला. रातच्याले वावर राखाले, जागलीले, एकटा मानूस गेला त डुक्कर त्याले मोजत नाही. जानराव रुख्मिणीले म्हने, "एक कुत्रं पायजे व. भोकनारं, भ्यानारं नाही."

त्याच दिवसायत गंगूच्या आंगनात तांबडी कुत्री व्याली. गंगू म्हंजे शेषरावची बायको. शेषराव गेला, पोरगा संघदीप पुन्याले कंपनीत, लेक धम्मदीपा आसेगावले देली. घरात गंगू अन् तिची एक बकरी. तांबडी तशी कोनाचीच नाही, साऱ्या गल्लीची. पन तव्यावरची शेवटची भाकर गंगू तिच्यासाठी थापे, म्हून ते तिथंच पडून राहे. तुराट्याच्या गंजीत चार पिल्लं देले तिनं.

कुत्री व्याली का तिले शिरा कराव लागते, हे त तुले माहीत हाय. गंगू परात घेऊन घरोघरी फिरली. कोनी कनिक देली, कोनी तेल देलं, जानरावनं गुयाचा मोठा खडा देला. तवाच तो हयूच म्हने, "गंगूबाई, एक पिल्लू मले देजो. जागलीले पायजे."

गंगू म्हने, "देईन ना भाऊ. पन डोये उघडू द्या, दूध सुटू द्या. तवर हात नोका लावू. तांबडी गरीब हाय, पन आता ते माय हाय."

"हो," म्हने जानराव.

हो म्हनलं खरं, पन जिवाले चैन नाही. तिकडं गावातला बबनराव पारावर सांगून राह्यला, मीबी एक पिल्लू आननार हाय म्हून. आता पिल्लू पारखाची आपली जुनी रीत. कानाले धरून उचलाचं. कुई केलं त ते घरात झोपनारं. नाही केलं त ते राखनदार. जानरावले वाटलं, बबनराव आधी गेला त चांगलं पिल्लू तोच उचलन. दुपारी गंगू कापूस येचाले गेली अन् हा पठ्ठ्या तिच्या आंगनात शिरला. तांबडी नव्हती, कुठं पानी प्याले गेली असन.

पयलं उचललं, कुई. दुसरं उचललं, कुई. तिसरं कायं, छातीवर पांढरा ठिपका. त्याचा कान धरला, वर उचललं, चिडीचूप! जानराव असा खूश झाला, असा खूश झाला का खाली ठेवाचंच भुलला. "वा रे वाघ," म्हने. अन् मांगून तांबडी आली. भोकली नाही, गुरगुरली नाही. उजवं मनगट धरलं, अन् पिल्लू खाली पडल्याबिगर सोडलंच नाही.

दवाखान्यात हीऽ गर्दी. शेजारची रुपाबाई तिथंच, लेकराले घेऊन उभी. सिस्टरनं इचारलं, "काका, कसं चावलं?"

आता पिकल्या केसाचा मानूस, तिथं साऱ्या बायकायपुढं कसं सांगन का मी पिलायचे कान धरून बसलो व्हतो? तो म्हने, "रस्त्यानं चाललो व्हतो. आली अन् धरलं."

"रस्त्यानं चालताना हाताला कसं काय?"

"चप्पल निंघाली व्हती. वाकलो व्हतो."

तिनं तसंच लिहून घेतलं. बस, एवढंच. लाज झाकाले एक गोष्ट बोलला. पन तेवढ्या गोष्टीनं पुढं त्याचं जेवन गोड लागू देलं नाही, पोरी.

सुया झाल्या, जखम भरली, पन बोटं काही मिटे ना. आतली शीर तुटली म्हने. इळा धरता येत नाही, घास धरता येत नाही. बाजेची दोरी हातात घेतली का सटकन निसटे. रुख्मिणी काला करून देई अन् तो डाव्या हातानं खाई, खाली मान घालून.

मंग आला त्याचा भाचा ऋषिकेश. रिसोडले वकिली करते तो. हात पाहून म्हने, "मामा, मोकाट कुत्र्याचा बंदोबस्त करनं पंचायतीचं काम हाय. तुमी सरळ रस्त्यानं चालले, तुमचा काय गुन्हा? भरपाई मागू, हक्काची हाय."

जानराव म्हने, "राहू दे ना बाप्पा. मुकं जनावर ते."

रुख्मिणी तडकली, "मुकं जनावर ते, अन् तुमी कोन? तुमालेबी तोंड नाही का? हात गेला ना माहा मानसाचा! टाक रे ऋषी, दावा टाक."

तवा सांगाले पायजे व्हतं. तोंडाशी आलंबी व्हतं. पन रुख्मिणी इतक्या दिसानं कशाच्या तरी आशेनं बोलून राह्यली व्हती, अन् सांगाचं म्हनलं त आपन खोटं बोललो हे पयले तिलेच सांगाव लागे. सही त जमे ना, त्यानं डाव्या हाताचा अंगठा देला.

नोटीस गेली अन् पंचायत जागी झाली. पयले कुत्रे धरनारी गाडी आनली. साऱ्या गल्लीसमोर जाळं टाकून तांबडीले ओढलं. गंगू गाडीमांगं धावून राह्यली, "अरे लेकुरवाळी हाय ते, पिल्लं हाय तिचे!" जानराव तिथंच उभा व्हता, तो न मिटनारा हात छातीशी घेऊन. लोकं त्याच्याकडं बोट दाखवून म्हनत, पाहा बिचाऱ्याचे काय हाल केले. त्याले वाटे, जाळं आपल्या आंगावर पडलं असतं त बरं झालं असतं.

पिल्लं उपाशी. गंगूनं बकरीच्या दुधात कापसाची वात बुडवून एकेकाले चोखवली.

मंग पंचायतीचं उत्तर आलं. कुत्री मोकाट नाही, गंगूबाई तिले रोज भाकर घालते, तवा ते तिची झाली. भरपाई तिच्याकून घ्या. अन् पाह्य ना, साऱ्या गावानं मान डोलावली. सरपंचाच्या ओट्यावरूनबी तिले लोकं तुकडे टाकत, पन सरपंचाचं नाव कोनाच्या तोंडात आलं नाही. पारावरून बबनराव आवाज देई, "काय गंगूबाई, कुत्र्याची माय झाली, आता भोग!" गंगू मान खाली घालून पान्याले जाई.

जानराव ऋषिकेशले म्हने, "तिच्याकून कायले रे? तिचं नाव काढ."

"मामा, नाव मी नाही टाकलं, पंचायतीनं टाकलं. आपल्याले कोनाकूनबी भेटू दे, काय फरक पडते?"

फरक काय पडते, ते जानरावच जाने. त्या दिवसापासून तो वावरात जाले नाल्याकडून जाऊ लागला, लांबच्या वाटेनं, गंगूचं घर टायून.

तुरीले शेंगा भरल्या तवा तालुक्याले सायबापुढं सुनावनी लागली. ऋषिकेश अंदर कागदाच्या मांगं गेला, जानराव बाहेर कडूनिंबाखाली बसला. एस्टीनं गंगू आली, एकटीच. तो उठून जाव म्हने तवर ते त्याच्या बाजूले येऊन बसली.

"जानरावभाऊ, बोटं मिटते का हो आता?"

"नाही."

तिनं फडकं सोडलं. भाकर अन् ठेचा. भाकरीचे बारके बारके तुकडे केले, त्याले डाव्या हातानं उचलता याव म्हून, अन् त्याच्यापुढं सरकवले. "खा. सकायपासून उपाशी असान."

त्यानं एक तुकडा उचलला. गंगू म्हने, "माहंच चुकलं भाऊ. मी घास घातला, मीच तिले बांधाले पायजे व्हतं. इतक्या दिसात कोनाले दात दाखवला नाही तिनं, अन् तुमालेच कशी चावली, मले समजतच नाही. संघदीपले नाही सांगतलं मी, परमुलखात पोट्टं कायले घाबरवू. बकरी इकते अन् भरते काही. सायबाले तसं सांगीन."

"बकरी नोको इकू," जानराव म्हने. "पिलायले दूध?"

"आता भाकर खाते ना ते. तुमचं पिल्लू वायलं ठेवलं मी, कोनाले देलं नाही. कायं हाय, छातीवर ठिपका. लय गुनाचं हाय भाऊ. रडतच नाही."

जानरावले ठसका लागला. गंगूनं पान्याची बाटली देली अन् पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यात शिपायानं नाव पुकारलं.

अंदर सायेब, पंचायतीचा मानूस, ऋषिकेश. त्या मनगटाचं कोनी इचारलंच नाही. चपलेचंबी नाही. सायेब फक्त म्हनले, "एकच सांगा, या कुत्रीला खायला कोण घालत होतं?"

सगये गंगूकडं पाहाले लागले. गंगू उठाले लागली. तिच्याआधी जानराव उठला.

"मी कान धरला व्हता, सायेब."

"काय?"

"पिलाचा कान. पारखाले उचललं व्हतं. हे गंगूबाई मले नाही म्हनली व्हती, हात लावू नोका म्हनली व्हती. ते घरी नसताना मी गेलो तिच्या आंगनात. रस्त्यानं नव्हतो मी. तांबडीचा काही कसूर नाही, हिचा त नाहीच नाही."

ऋषिकेश दात खाऊन म्हने, "मामा, बसा खाली!"

सायेब म्हनले, "मग दवाखान्यात रस्त्यावर चावली असं का सांगितलं?"

"लाज वाटली, सायेब."

मांगं कोनीतरी फिस्सकन हासलं. ज्या हासन्याले भेऊन इतकं रामायन झालं, ते आलं अन् गेलंबी. एवढुसंच व्हतं ते. दावा तिथंच मोडला. ऋषिकेशनं कागद गोया केले अन् मामाले तिथंच सोडून फटफटीवर निंघून गेला.

बाहेर गंगू झाडाखाली उभी. जानराव तिच्यापुढं जाऊन उभा राह्यला. ते भांडली असती, चार शिव्या देल्या असत्या त त्याले बरं वाटलं असतं. ते हयूच म्हने, "मी नाही म्हनलं व्हतं ना भाऊ?"

"हो."

"अन् तिले जाळ्यात ओढलं तवा तुमी तिथंच उभे व्हते."

"हो."

गंगूनं उरलेली भाकर फडक्यात बांधली अन् एस्टीकडं चालू लागली. गाडी एकच, पन ते समोर बसली अन् हा पार मांगं. आठवडा नाही झाला त बकरी अन् पिल्लं टेम्पोत टाकून आसेगावले लेकीकडं गेली. दाराले कुलूप. जाताना रुख्मिणीले भेटून गेली, जानरावले नाही.

रुख्मिणीबी लय दिवस बोलली नाही त्याच्याशी. मंग एक दिवस म्हने, "मले त सांगाचं व्हतं. मीबी हासली असती, अन् मंग जेवाले वाढलं असतं."

आता आयक, ज्याच्यासाठी तुले लिहाले बसवलं ते. परवा सकायी तांबडी आली! कुठं नेऊन सोडली व्हती कोन जाने, चालत आली, बरगड्या दिसून राह्यल्या. नसबंदी केल्याची निशानी म्हून तिच्या कानाचा तुकडा कापला त्या गाडीवाल्या लोकायनं. जानरावनं तो कान पाह्यला अन् भिताडाकडं तोंड करून उभा राह्यला.

ते पयले तुराट्याच्या गंजीत गेली, सारं हुंगलं, मंग गंगूच्या दारात येऊन बसली. जानराव सोताच चुलीपाशी बसून शिरा करते, डाव्या हातानं, गूय जास्तच टाकते. नेऊन ठेवते. तो तिथं उभा असला त तांबडी तोंड लावत नाही. तो झाडाआड गेला का मंग खाते. अन् गंगूच्या ओट्यावर तिची बाज पडून हाय ना, ढिली झालेली, तिची दोरी सोडून तो नव्यानं इनून राह्यला. एका बाजूनं रुख्मिणी ओढते. अर्धी झाली. पयल्यासारखी घट्ट काही येत नाही.

मी म्हनलं, "जानराव, जा ना आसेगावले, सांगून ये तिले." त म्हने, "वयनी, कोन्या तोंडानं जाऊ?" फोन करतो म्हनते, अन् बटन दाबाच्या आधीच ठेवते. तो काही जानार नाही, मले माहीत हाय.

म्हून हे लिही शेवटी, मोठ्या अक्षरात लिही. हे वाचनारं कोनी आसेगावच्या बाजूले गेलं, त धम्मदीपाचं घर इचारजा अन् गंगूले निरोप देजा का तांबडी आली. जिती हाय, दारातच बसून हाय. जानरावचं काही सांगू नोका, त्याचं ते दोघं पाहून घेतीन. फक्त म्हनजा, येशीन तवा कायं पिल्लू सोबत आनजो, तांबडी अजून गंजीत हुंगून पाह्यते.