बबनरावांच्या गच्चीवरचं मशीन

आमच्या लॅबमधले किस्से धुळीसारखे. कितीही पुसा, संध्याकाळपर्यंत परत साचतात. आता हवेचे आकडे आपोआप स्क्रीनवर येतात. आम्ही मात्र गच्च्या चढायचो. तिथे ठेवलेलं मशीन दिवसभर हवा ओढायचं, आणि आतल्या पांढऱ्या कागदावर बसलेल्या धुळीत शिसं, जस्त, निकेल किती, ते मी लॅबमध्ये शोधायचे. लेले सर आमचे प्रमुख, सलीमभाई मशीन सांभाळणारे, आणि मी. फार आठवण येते त्या दिवसांची.

* * *

वाघोलीच्या एका सोसायटीने आवाजाची तक्रार करून मशीन काढायला लावलं. थोड्याच दिवसांत सेक्रेटरींचा फोन आला, की मशीन गेल्यापासून हवा बिघडलीय, परत आणून ठेवा. त्यांची समजूत, मशीन हवा साफ करतं!

सर शांतपणे म्हणाले, "अहो, ताप उतरावा म्हणून आपण थर्मामीटर काखेत धरून बसता का?"

त्या सोसायटीचा परत फोन आला नाही.

* * *

एकदा एका घराच्या गच्चीवरून आलेल्या कागदावर जस्त भलतंच निघालं. पत्र्याला जस्ताचा मुलामा देणारा कारखाना शोधत सरांनी सगळा परिसर पालथा घातला. काही सापडेना. शेवटी आम्ही गच्चीवर गेलो, तर मशीनवर नव्याकोऱ्या पत्र्याचं छप्पर! घरमालकांनी चालू मशीनशेजारीच वेल्डिंग करून घेतलं होतं, आणि जस्ताचा सगळा धूर आमच्या कागदावर.

"उन्हात तापत होतं हो बिचारं," मालक म्हणाले.

सरांनी अहवालात जस्ताच्या उगमापुढे लिहिलं, 'आमचंच छप्पर'.

* * *

ईदला सलीमभाई शीरखुर्मा आणायचे. लॅबमध्ये खायचं नाही, हा सरांचा कडक नियम. मग पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर डबा उघडायचा. हाताला शिसं राहायला नको म्हणून सर आम्हाला कोपरापर्यंत हात धुवायला लावायचे, आणि दुसरी वाटी सगळ्यांच्या आधी स्वतः मागायचे. तशी चव मला पुन्हा कुठे लागली नाही.

* * *

धायरीचे बबनराव जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. भट्टी घरामागेच. शेजाऱ्यांनी सांगितलं, सरांनी दोनदा जाऊन समजावलं, पण ते ऐकेनात.

मग एक दिवस तेच लॅबमध्ये आले. धाकट्या नातीचं पोट सारखं दुखायचं, खेळ सोडून ती नुसती बसून राहायची.

"साहेब, तुमचं ते मशीन माज्या गच्चीवर लावा. पोरीला चांगली हवा मिळंल."

या वेळी सरांनी थर्मामीटरचा टोमणा मारला नाही. मशीन लावतो म्हणाले, आणि पोरीचं रक्त शिशासाठी आजच तपासून घ्या, असं बजावलं.

कागद आला तो इतका काळा, की मी शिशाचा आकडा पुन्हा तपासला. सर तो घेऊन स्वतः धायरीला गेले. ही घाण कुठली, असं बबनरावांनी विचारलं.

"आपल्याच गच्चीवरची," सर म्हणाले.

बबनराव कागद घेऊन घरामागे भट्टीकडे गेले.

पुढच्या आठवड्यात आम्ही मशीन उतरवायला गेलो. भट्टी मोडून विटा कुंपणाशी रचल्या होत्या. सलीमभाई प्लग काढायला वाकले, तसे बबनराव आडवे आले.

"आज नेऊ नका. नवा कागद लावा, आता किती काळा व्हतो ते बघू. पोर अजून हितंच हाय."