अमेरिका बंद

नारपोलीच्या आमच्या कारखान्यात आठ यंत्रमाग. दोन गल्ल्या, गल्लीत चार माग, चारांना एक कारागीर. मी शाळेत होते तेव्हा बाबांनी पहिल्या गल्लीतल्या डाव्या जोडीवर ऑइलपेंटने ‘अमेरिका’ लिहिलं, उजवीवर ‘रशिया’. बाबा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचत. नव्यानेच उत्तरेतून आलेल्या कारागिराला, चाचांना, त्यांनी दोन्ही जोड्यांच्या मधे उभं केलं.

“यकाकडं बगशील त दुसऱ्याला पाठ होनार. मागं धागा तुटला तरी कळला पायजे.”

चाचा तिथेच म्हातारे झाले. मधल्या काळात रशियाचे तुकडे झाले, तरी बाबांनी नाव राहू दिलं. बऱ्याच वर्षांनी, बाजारात चिनी धागा दिसायला लागल्यावर, त्यांनी पेंटरला बोलावून त्यावर ‘चीन’ लिहून घेतलं. म्हणाले, “आता रशियाला कोन इचारतो? आता या दोगांची जुंपनार हाय.” रंग पातळ होता. ‘चीन’खालून रशियाची वेलांटी अजून दिसते.

बाबा गेल्यापासून कारखाना मी बघते. दर सोमवारी दारावर यादी लावते : कुठला माग चालू, कुठला बंद. बंद म्हणजे दुरुस्तीला, हे सगळ्यांना माहीत.

गेल्या वर्षी डाव्या जोडीवरचं कापड ज्या निर्यातदाराकडे जायचं, त्याचा फोन आला. भारत रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेने आपल्या मालावर जादा कर लावला होता. तिकडची ऑर्डर रद्द. नवी मिळेना. दोन मागांसाठी कारागीर ठेवणं परवडत नाही, म्हणून चीनची जोडी दुसऱ्या गल्लीतल्या कारागिराकडे द्यायची आणि चाचांना कमी करायचं, हे मी वहीत लिहून ठेवलं. दारावरच्या यादीत मात्र एवढंच लिहिलं : अमेरिका – बंद.

त्या सोमवारी यादी लावून मी बाहेर गेले, दुपारी परतले तेव्हा चाचा अमेरिकेखाली आडवे झाले होते. दोन्ही मागांना तेलपाणी झालेलं, धोटा पुसलेला, एक पट्टा नवीन. हात कोपरापर्यंत काळे. सकाळपासून हेच चाललं होतं.

“बिटिया, अमेरिका में कोई खराबी नहीं. चलाऊँ?”

“चाचा, माग ठीक आहे. ऑर्डर गेली.”

“क्यों?”

मी रशियाच्या तेलाचं सांगितलं. ते उठून उजवीकडे गेले, बोटाने रंग खरवडला.

“रशिया को तो तेरे बाबा ने मिटा दिया था न?”

दुसऱ्या गल्लीतला कारागीर ओरडला, “चाचा, वो पेंटर सस्ता वाला था!” चाचाही हसले. मग चिंधीने हात पुसत माझ्यासमोर आले.

“मेरा नाम कौन-सी लिस्ट में है?”

वही माझ्या हातातच होती. चाळीस-एक वर्षं ते या गल्लीत उभे होते. या वयात दुसरा कारखाना त्यांना घेणार नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी ते पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. चाचांना मराठी सावकाश वाचता येतं. त्यांनी दोनदा वाचलं.

“इसमें मेरे आगे भी ‘बंद’ ही लिख देती,” ते म्हणाले. “मैं समझता, मरम्मत होगी.”

मग त्यांनी डावी जोडी जुन्या कापडाने झाकली, खिशातली धागा कापायची कातर चीनच्या मागावर ठेवली आणि डबा उचलला. त्या सोमवारी दारावरची ‘अमेरिका – बंद’ ही यादी मी तशीच राहू दिली.