माझी मिशी आणि रहीमचाचांचा बोकड

एकोणीसशे तीस-पस्तीसच्या सुमारास अख्ख्या नाशकात शास्त्रीय आहार कळणारा एकच माणूस होता, आणि तो मी होतो.

त्याचं असं झालं, एका मासिकात मी व्हिटॅमिनांवरचा लेख वाचला. (दोनदा. दुसऱ्यांदा थोडा समजला.) आहार नीट असला की शरीर रोगाला दारातच अडवतं, हे त्यातलं सार. शिजवल्यानं काही व्हिटॅमिनं नष्ट होतात, असंही एक वाक्य होतं. त्यातला 'काही' मी गाळला आणि घरात फर्मान काढलं, "उद्यापासून चुलीवर फक्त माझा चहा! बाकी सगळं कच्चं!"

"अहो, कच्चा कोबी, कच्चा मुळा, वर मुळ्याचा पाला! पोरं आहेत की गुरं?" आमची ही म्हणाली.

"तुला शास्त्र कळायचं नाही."

"बरं."

(ही एवढ्या लवकर 'बरं' म्हणाली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं!)

तेवढ्यावर थांबेन तर मी कसला? वाचनालयात भर सभेत जाहीर केलं, "या थंडीत माझ्या घरात कुणी शिंकलं, तर मिशी उतरवीन!" आता माझी मिशी म्हणजे साधीसुधी नव्हे. कचेरीत साहेबसुद्धा बोलताना तिच्याकडे बघून बोलायचा.

थंडी पडली. गोदावरीवरून असा बोचरा वारा सुटला की आमची अख्खी भद्रकालीची गल्ली सुरसुर करायला लागली. पण माझी तिन्ही पोरं टुणटुणीत! गाल तर असे वर आलेले, की मी त्यांना मुद्दाम गल्लीतून दोनदा फिरवून आणायचो. मी स्वतः जरा वाळलो होतो, पण ते शुद्धीचं लक्षण आहे असं मी सगळ्यांना सांगितलं.

शेवटी वाचनालयानं माझं व्याख्यान ठेवलं. विषय, 'आहार आणि रोगप्रतिकार'. पुढच्या रांगेत ही आणि पोरं, मागे शेजारचे रहीमचाचा. मी मिशीवर हात फिरवला, "सभ्य गृहस्थहो," म्हणालो, आणि...

आक्‌छी!

"धूळ आहे," मी म्हणालो. आक्‌छी! आक्‌छी! तिसऱ्या शिंकेला समोरचा पाण्याचा पेला पडला.

"मिशी! मिशी!" सभा ओरडली.

"थांबा!" मी नाक पुसत गरजलो. "माझं सोडा, ही पोरं बघा! तीन महिने कच्च्या पाल्यावर आहेत!"

आमची सहा वर्षांची कुसुम उभी राहिली. "नाही हो बाबा! तुम्ही जेवून कचेरीत गेलात की आई आम्हाला गरम भाकरी, मेथीची भाजी, डाळ अन् वर लिंबू देते. पाला चाचांच्या बोकडाला!"

आमच्याकडे पुरुषांची पंगत आधी, बायकापोरांची मागून. मागच्या पंगतीत काय वाढतात, हे मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं!

"तुमच्या हट्टापायी तुम्हाला वाढलं," ही शांतपणे म्हणाली. "पोरांना का उपाशी मारू?"

खरं सांगतो, मिशी जाणार हे दिसत असतानाही मला तिचा असा अभिमान वाटला, की टाळी पहिली मीच वाजवली.

तेवढ्यात रहीमचाचा उठले. "साहेब, दिल छोटा करू नका. तुमचा पाला खाऊन आमचा बोकड लई तयार झालाय. सर्दी नाय, खोकला नाय!"

म्हणजे बघा, माझा सिद्धांत शंभर टक्के खरा ठरला! फक्त दुसऱ्या दिवशी न्हाव्यानं माझी मिशी उतरवली, तेव्हा समोरच्या ओट्यावर तो बोकड आपली भरघोस दाढी हलवत मुळ्याचा पाला खात होता.