शेंदूर लागलेला चौदावा मैल

२००६ च्या मे महिन्यात, एका शनिवारी, लीड्सच्या पूर्वेकडून उत्तरेला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचा हरवलेला मैलाचा दगड सापडला. तो माझ्या आईला सापडला. ती तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिसावर साताऱ्याहून आली होती.

आम्ही काही स्वयंसेवक रस्त्याकडेच्या जुन्या बांधकामांची नोंद करत होतो. टोलघरं, सराया, बंद पडलेले पेट्रोल पंप, मैलाचे दगड. आमचे प्रमुख निवृत्त पोस्टमन होते. त्यांच्या नोंदवहीत लीड्सपासूनच्या चौदाव्या मैलाचं पान कोरं होतं. ते भरण्यासाठी त्यांनी चार उन्हाळे घालवले होते. सोमवारी तिथे रुंदीकरण सुरू होणार होतं. त्याआधी दगड मिळाला नाही, तर तो राडारोड्यात जाणार होता.

दुपारी आम्ही डबे उघडले. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून कुंपणाच्या झुडपांतला एक बुटका दगड मी तिला दाखवला. "इथे टेक जरा."

आईने आधी बूट काढले.

"देवावर बसवतेस होय मला? शेंदूर दिसत नाही का?"

"आई, हे यॉर्कशायर आहे."

"मग? देवाला काय व्हिसा लागतो?"

पोस्टमननी बुटांचं कारण विचारलं. मी सांगितलं. ते हसतच उठून आले. तो लाल रंग ठेकेदाराच्या माणसांनी मारला होता. जे उखडायचं त्यावर ते अशी खूण करत. दगडाची झुडपांकडची बाजू पाहायला पोस्टमन वाकले आणि त्यांचं हसू थांबलं. आईच्या डब्यातला चमचा घेऊन ते माती खरवडू लागले. आधी एल दिसला, मग अख्खं लीड्स, त्याखाली चौदा.

ते गवतात बसले आणि त्यांनीही बूट काढले.

"आता त्यांना म्हणावं, नारळ वाढवा," आई म्हणाली.

नारळ नव्हता. त्यांनी आपल्या फ्रूटकेकचा तुकडा दगडापुढे ठेवला.

"चालेल," आई म्हणाली.

ठेकेदाराच्या फलकावरच्या नंबरला त्यांनी तिथूनच फोन केला. सोमवारी दगड पट्टे लावून बाजूला उचलण्यात आला. सप्टेंबरमध्ये तो नव्या रस्त्याच्या कडेला, अक्षरं रस्त्याकडे करून, पुन्हा बसवण्यात आला. नोंदवहीतलं चौदाव्या मैलाचं पान भरलेलं आहे. 'रंग' या रकान्यात पोस्टमननी मला स्पेलिंग विचारून इंग्रजी अक्षरांत 'शेंदूर' असं लिहिलं आहे.