लिहिणाऱ्यानं वाचायचं नाही

संपत गेल्याचा फोन कोरेगावहून त्याच्या पुतण्यानं केला, तेव्हा मी वेड्यासारखं विचारलं, "नीट बघितलंस का?" तो रडतच होता... सुट्टीला गावी गेलेला संपत शेतातच छाती धरून खाली बसला, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. विचारून गेलो आणि माझीच मला लाज वाटली. पण सांगलीच्या रक्तपेढीत त्याच्या शेजारी इतकी वर्षं काढल्यावर तोंडातून दुसरं काय निघणार?

संपत आधी फौजेत वायरलेसवर होता. तिथं ऐकणाऱ्यानं निरोप परत म्हणून दाखवायचा, तेव्हाच तो पोचला म्हणायचं. रक्तपेढीत रुग्णांच्या आणि रक्तदात्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर सांभाळायला आम्ही दोघंच, आणि हा रिवाज त्यानं माझ्याही मानगुटीवर बसवला. एकानं नोंद बदलायची, दुसऱ्यानं ती नव्यानं उघडून मोठ्यानं वाचायची. लिहिणाऱ्यानं वाचायचं नाही, कारण त्याला मनातलंच दिसतं. मी वैतागायचो. "अरे, हुकूम पार पडला म्हणून मशीनच सांगतंय ना!"

"हुकूम पार पडला रं गड्या, पर काम झालं का? किती नोंदी बदलल्या ते बघ की."

एकदा पलूसच्या एका बाळंतिणीचा चुकीचा नोंदला गेलेला रक्तगट मी दुरुस्त केला. पडद्यावर सगळं ठीक, आम्ही जेवायला उठलेलो. तरी संपतनं नोंद उघडून वाचली, तर गट जुनाच! खाली बारीक अक्षरांत होतं, 'बदललेल्या नोंदी: शून्य'. माझ्याकडून रुग्णक्रमांकाचा एक आकडा चुकला होता. त्या क्रमांकाचं कुणी नव्हतंच, आणि मशीननं कुणालाही हात न लावता काम फत्ते केलं होतं. पुढच्या तपासणीत ते सापडलंही असतं कदाचित... तो 'कदाचित' आजही माझी झोप उडवतो.

गेल्या आठवड्यात त्याची बायको, शालनवहिनी, रक्तपेढीत आल्या. संपत स्वतः नेमानं रक्त द्यायचा. आमच्याच यंत्रणेनं त्याच्या मोबाइलवर मेसेज पाठवला होता, 'आपली रक्तदानाची वेळ झाली आहे.'

"भावजी, ह्यो मेसेज तेवढा बंद करा. लय जीव खालवर हुतोय."

मी नोंद काढली. 'चालू'च्या जागी 'मयत' लिहिलं. बटण दाबताना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, शून्य यावं.

'बदललेल्या नोंदी: एक.'

"झालं?" वहिनींनी विचारलं. मला 'हो' म्हणता येईना. लिहिणारा मी होतो, आणि शेजारी कुणी नव्हतं. मी नोंद नव्यानं उघडली आणि संपतची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"वहिनी, तुम्ही वाचता?"

त्यांनी पदरानं चष्मा पुसला. नाव वाचलं, गाव वाचलं, रक्तगट वाचला. मग बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं.

"मयत," त्या म्हणाल्या. "व्हय भावजी. झालंय."