अक्काने चघळलेला पाला

भाचीच्या लग्नाला मला शाळेमुळे जाता आलं नव्हतं. उशिरा का होईना, आहेराचं लुगडं घेऊन निघालो, तोच अक्काच्या गावाहून, जऊळक्याहून, माणूस आला. दारातूनच म्हणाला, "मास्तर, अक्काबाईले पान लागलं... गेली." आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. ऐन लग्नघरी! मला आधी रागच आला. कुणावर, ते कळेना.

अक्का माझी थोरली बहीण, नवरीची आई. बोलकी, हट्टी, कुणाला न जुमानणारी. लग्नाच्या सकाळी चुलीसाठी गोवऱ्या काढताना तिच्या बोटाला मण्यार चावली. गावाची रीत अशी, की चावलेल्याला मारुतीच्या पारावर बसवून कडुलिंबाचा पाला चघळायला द्यायचा. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर चढलं. अक्काने मूठभर पाला शांतपणे चघळला आणि म्हणाली, "कडूजहर हाये. चाला, वऱ्हाड येऊन राह्यलं." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कारल्याचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करणारी ही बाई. त्या दिवशी तिच्या कपाळावर आठीही नव्हती, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. जऊळक्याहून आगगाडीने अकोल्याच्या दवाखान्यात नेता आलं असतं... पण पाला कडू लागलेल्या माणसाला कोण नेतो?

अक्षता पडल्या तेव्हा तिच्या पापण्या मिटत होत्या. जागरणाने पेंगते म्हणून बायका चेष्टा करत राहिल्या. पोरीची गाडी वेशीबाहेर गेल्यावर ती ओट्यावर बसली आणि जड जिभेने भाऊजींना म्हणाली, "पाला गोड लागला होता... सांगतलं असतं त मांडव मोडला असता. लोकायनं पोरीले जलमभर पांढऱ्या पायाची म्हनलं असतं." दिवस मावळायच्या आत ती गेली. एवढं शहाणपण कशाला गं केलंस, अक्का? लग्न पुढल्या तिथीला लागलं असतं. आई कुठल्या तिथीला मिळते?

परवा अक्काची सुभद्रा लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा मी तिथेच होतो. चुलीपुढे आईचा पाट अजून तसाच मांडलेला असतो, त्यावर कुणी बसत नाही. ती बसली. तिने बापाला विचारलं, "बा, मायले पाला कडूच लागला होता नं?"

"कडूच, बाई," भाऊजी म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं. मीही मान डोलावली.

तिला वाचता येत नाही, म्हणून हे इथे लिहितो आहे. ओळखीच्यांनी तिला वाचून दाखवू नये.