शेवाळाचं एक पाकीट

माझी धाकटी नणंद शेवाळावर पीएच.डी. झाली, म्हणून घरात तिचं नाव पडलं शेवाळी. पुढे पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, जागा शोधणं हाच तिचा उद्योग झाला. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती लॅपटॉप उघडायची. पक्ष्यांचे मेंदू, समुद्रतळाची माती, कुठल्याशा ताऱ्याभोवतीची धूळ. जगात माणसं कशाकशाचा अभ्यास करतात ते मला त्या जाहिरातींतून कळलं. शेवाळाची जागा मात्र महिन्यातून एखादी. ती सापडली, की तिथल्या शास्त्रज्ञाचे सगळे पेपर वाचल्याशिवाय ही अर्जाला हात लावायची नाही. असे एकतीस अर्ज झाले. बहुतेकांनी पोचही दिली नाही. त्यात पदवी मिळून पाच वर्षं व्हायच्या आत अर्ज करा, ही अट बहुतेक ठिकाणी, आणि तिची पाच वर्षं दोन महिन्यांत भरत होती.

अशात एका प्रयोगशाळेनं मुलाखतीला बोलावलं. तीन वर्षांचं काम, तेही तिच्याच एका पेपरवर बेतलेलं. ह्यांनी, म्हणजे तिच्या दादानं, बॅग कुठली न्यायची तेही ठरवून टाकलं.

मुलाखतीत दाखवायला फोटो हवेत म्हणून तिनं त्या पेपरासाठी गोळा केलेले जुने नमुने काढले. शेवाळ वाळवून कागदाच्या घडीच्या पाकिटात ठेवतात. वर कुठे, कधी, कशावर मिळालं ते लिहिलेलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून तिनं आठ वर्षांपूर्वीचा चिमूटभर चुरा काचेवर ठेवला, पाण्याचा थेंब सोडला आणि मला बोलावलं. मी डोळा लावला. शेवाळाचं आक्रसलेलं इवलंसं पान सावकाश उलगडलं आणि बघता बघता हिरवंगार झालं. आठ वर्षं ते नुसतं पाण्याची वाट बघत होतं.

माझ्यानंतर तिनं डोळा लावला आणि तिचा चेहरा उतरला. दुसरं पाकीट उघडलं, मग तिसरं. पानाच्या प्रत्येक पेशीवर एकच उंचवटा हवा. इथे चार-चार होते. म्हणजे पेपरात नाव छापलेलं शेवाळ हे नव्हेच, त्याच्यासारखं दिसणारं दुसरंच.

हे म्हणाले, उगाच पायावर धोंडा पाडून घेऊ नको, आधी जागा पदरात पडू दे.

"दादा, त्यांचं सगळं काम माझ्या चुकीवर उभं राहणार. रोज त्यांच्या तोंडाकडे कशी बघू?"

दुपारीच तिनं प्रयोगशाळेला आणि पेपर छापणाऱ्यांना पत्रं लिहिली. मी वाचली. त्यात सबबीचा एक शब्द नव्हता.

मुलाखत पुढे ढकलली, एवढंच उत्तर आलं. नऊ दिवस घरात आम्ही भांडीसुद्धा हळू ठेवत होतो. दहाव्या दिवशी त्यांनी व्हिडिओवर पाऊण तास ही चूक कशी सापडली तेवढंच विचारलं. संध्याकाळी ईमेल आलं: आधीचं काम रद्द, एका वर्षासाठी या, आमच्याकडचा प्रत्येक नमुना नव्यानं तपासायचा आहे.

"तीन वर्षांचं एका वर्षावर आणलंस," हे म्हणाले.

"दादा, त्यांच्याकडे सहा हजार पाकिटं आहेत. वर्षभरात उरकतील का, मला तीच काळजी लागलीय."

आणि ती खरंच दिवसाला किती पाकिटं होतील ते मांडायला बसली.